ग्रेडरसाहेबांनी वाचलेली कादंबरी

बाभुळगावात देवराव मुनेश्वरांना सगळे ग्रेडरसाहेब म्हणत. कापसाचा दर्जा ठरवायची त्यांची नोकरी संपून तीन वर्षं झाली होती. कापूस संकलन केंद्राच्या फाटकावर गंज चढला होता, दिवाळीनंतर जिथं बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागायची तिथं गाजरगवत कमरेइतकं वाढलं होतं आणि व्यापारी आता गावोगाव फिरून शेताच्या बांधावरूनच कापूस उचलत होते. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. साखर घ्यायला गेले तरी दुकानदार म्हणायचा, "बोला ग्रेडरसाहेब." त्या बोलण्यात आदर किती आणि टोमणा किती, हे देवरावांना इतक्या वर्षांनीही नेमकं ठरवता येत नसे.

तीस वर्षं त्यांनी एक नेम पाळला होता. हंगामात, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, कोणाच्याही घरचा चहा घ्यायचा नाही. आज ज्याचा चहा प्यायलो, उद्या त्याचीच गाडी समोर उभी राहणार. दर्जा चांगला दिला तर लोक म्हणणार चहा कामाला आला, वाईट दिला तर तो म्हणणार चहा पिऊन उलटला. त्यापेक्षा नकोच. लग्नाच्या मांडवातही ते पाण्याचा पेला तेवढा तोंडाला लावत. बायको तुळसाबाई मात्र सगळीकडे जायची, खायची-प्यायची, नवऱ्याच्याही वाटचं बोलून यायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. मग देवरावांच्या ध्यानात आलं, की नेम पाळायचं कारण उरलं नाही, पण चहाला बोलावणारंही कोणी उरलेलं नाही. लोकांना सवयच नव्हती.

दिवस मोठे वाईट होते. पेपरात जिल्ह्याचं नाव दिसलं की आणखी एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिला असणार, हे न वाचताच कळायचं. देवराव सकाळी पेपर घडी घालूनच बाजूला ठेवत, मग वाटीभर तांदळाचा भात नि वरण करत. एका माणसाचं वरण कधी जमतच नाही, एक तर पातळ होतं नाहीतर बुडाला लागतं. तेच वरण संध्याकाळी पुन्हा ऊन करून खात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमननं एक जाड पाकीट आणून दिलं. पाकिटात पुस्तक. वर राखाडी रंगाचं चित्र, आणि नाव 'धुक्याची जकात'. लेखक कुठल्याशा थंड मुलखातला, त्याचं नाव देवरावांना तीनदा वाचूनही उच्चारता आलं नाही. पण त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, 'अनुवाद : संघदीप मुनेश्वर' असं छापलेलं होतं. आत एक चिठ्ठी होती.

"बाबा, हा माझा पहिला अनुवाद. वाचा. काय वाटलं ते खरं खरं सांगा."

संघदीप त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका प्रकाशकाकडे कामाला. दर रविवारी पावणेदहाला त्याचा फोन यायचा. जेवले का, तब्येत बरी आहे का, ठेवू का. पूर्वी फोन तुळसाबाई घ्यायची तेव्हा अर्धा-अर्धा तास चालायचा.

देवराव चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मुलानं त्यांना असं एकदाच काही वाचायला दिलं होतं, चौदा वर्षांपूर्वी. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्याची कविता छापून आली होती आणि ती दाखवायला तो यवतमाळहून एसटीनं थेट संकलन केंद्रावर आला होता. हंगाम भरात होता. देवरावांनी हात धोतराला पुसले, उभ्या उभ्या कविता वाचली आणि हमाल, काटेवाले सगळ्यांच्या देखत म्हणाले, "फरदड हाय." फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर झाडावर राहिलेला किडका, आखूड धाग्याचा कापूस. माणसं खदखदून हसली. देवरावांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, दिवसभर ते तसंच बोलत. पोरानं अंक मिटला, पिशवीत घातला आणि त्यानंतर बापाला कधी काही दाखवलं नाही.

आता त्यानंच पुन्हा विचारलं होतं, काय वाटलं ते सांगा. या वेळी चुकून चालणार नव्हतं.

देवरावांना पुस्तक वाचायची एकच रीत ठाऊक होती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथाचं वाचन असे, आणि बारा वर्षं ते काम त्यांच्याकडे होतं. अंगात पांढरा सदरा, चौरंगावर पांढरं कापड, मोठ्यानं वाचायचं, एका दिवशी एक भाग, आणि शेवटी मान वर करून समोरच्यांना अर्थ सांगायचा. मनातल्या मनात वाचणं त्यांना चोरून खाल्ल्यासारखं वाटे. म्हणून आंघोळ करून त्यांनी चौरंग मांडला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं सुरुवात केली.

"समुद्र बुधवारी निघून गेला. जाताना त्यानं कोणालाही सांगितलं नाही."

बंदराचं गाव होतं. समुद्र गेला तरी जकात नाका तसाच राहिला, आणि नाक्यावरचा म्हातारा अधिकारी, येणारं जहाज नाही म्हणून, रोज सकाळी येणारं धुकंच तपासू लागला. दहाव्या पानावर त्याच्या बायकोचा लाकडी जिना झाला. पुढचं प्रकरण एका छत्रीनं सांगितलेलं होतं. देवरावांनी पहिला भाग नीट, स्पष्ट उच्चारांत संपवला, पुस्तक मिटलं, सवयीनं मान वर केली आणि म्हणाले, "म्हणजे..."

समोर भिंत होती. आणि म्हणजे काय, तेही त्यांना माहीत नव्हतं.

चार दिवसांत ते सहाव्या प्रकरणापर्यंत पोचले. पान उलटून पाहतात तर पुढं पुन्हा चौथं प्रकरण. आता मात्र त्यांना हायसं वाटलं. घोटाळा पुस्तकातच होता! बांधणी करणाऱ्यानं पानं खालीवर केली असणार. पुस्तक पिशवीत घालून ते सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथले ग्रंथपाल भगवानराव टेबलावर पाय टाकून पेपर वाचत होते.

"जय भीम, भगवानराव. हे पाहा, यात माल उलटासुलटा भरला."

भगवानरावांनी चष्मा लावून पानांचे आकडे तपासले. "पानं तर बरोबर आहेत. एकशे साठनंतर एकशे एकसष्टच आहे."

"पण सहानंतर चार आलं ना."

"लेखकालाच तसं पाहिजे असेल."

"काहून?"

"ते मी कसं सांगू साहेब? आम्ही पुस्तकं देतो, जबाब देत नाही." भगवानरावांनी दोन पानं चाळली आणि पुस्तक परत केलं. "आपल्या इथं हे कोणी नेणार नाही. पण पोराचं नाव छापून आलं, हे काय थोडं झालं?"

रविवारी पावणेदहाला फोन वाजला.

"पुस्तक वाचलं का, बाबा?"

"चालू हाय."

"कसं वाटून राह्यलं?" पुण्याचं बोलणं सोडून संघदीप घरच्यासारखं बोलला, इतकी त्याला घाई झाली होती.

देवरावांनी आठवडाभर केलेली सगळी तयारी त्याच क्षणी कुठं गेली कोण जाणे. ते म्हणाले, "कागद चांगला वापरला."

मग संघदीप म्हणाला, "हो. कागद चांगला आहे. ठेवू का?"

बुधवारी दुपारी जमनी पाणी भरायला आली. ती मागच्या गल्लीत राहायची. बंजाऱ्यांचा तांडा सोडून गावात आलेली, मुलगा राजूरला कोळशाच्या खाणीत, आणि नवरा पूनमसिंग मागच्याच वर्षी वारलेला. तिच्याकडं नळाला पाणी चढत नसे म्हणून तुळसाबाईच्या वेळेपासून ती इथून दोन घागरी न्यायची. देवरावांशी तिचं बोलणं म्हणजे 'भरू काय जी' आणि 'भर' एवढंच. त्या दिवशी देवराव पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. घागर भरून वाहू लागली तरी जमनी हलेना, म्हणून ते थांबले.

"थांबले काहून? वाचा ना."

"तुले समजते?"

"त्यात काय समजाचं हाय? बाईचा जिना झाला."

"बाईचा जिना कसा होईन व?"

"ये याडी!" जमनीनं आपल्या बोलीत आईचं नाव घेत कपाळावर हात मारला. "जलमभर तिच्या अंगावरून समदे वरखाली करतेत, कोणी म्हनत नाई का बाई, तुले दुखते काय. मंग जिना नाई होईन तं काय होईन?"

विहारात बारा वर्षं देवरावांनी अर्थ सांगितला होता, पण असा झटक्यात नाही. ते पुढं वाचू लागले. जकात अधिकारी आला. एक न्हावी गावात शिरायला बघतो आणि अधिकारी त्याला अडवतो.

"'कागद दाखव,'" देवराव वाचत होते, "'कागद नसन तं आल्या वाटनं वापस जाय. मले तुही कहानी सांगू नको.'"

जमनी खुदकन हसली. तोंडाला पदर लावला तरी तिचं हसू थांबेना.

"काय झालं?"

"हा तं तुमीच हा जी!"

"कोन?"

"हा म्हतारा. बाकीचे समदे पेपरातल्यावानी बोलून राह्यले. हा एकटाच आपल्या इथचा. अन् तुमी वाचता तं मले वाटलं, तुमीच कोनाले हाकलून राह्यले." घागर काखेत घेत तिनं सहज जोडलं, "आमच्या मानसाची गाडी नव्हती का वापस धाडली तुमी? अशीच. 'कापूस वला हाय. ने वापस.' दोन दिवस जेवला नाई थो."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती गेली. नळ थेंब थेंब गळत राहिला.

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी मनातल्या मनात. जमनीचं खरं होतं. छत्री शुद्ध बोलत होती, महापौर शुद्ध बोलत होता, बंदरातले हमालसुद्धा शुद्ध बोलत होते. म्हातारा तेवढा 'मले' नि 'तुले' करत होता. आपली बोली आपल्याला कुठं ऐकू येते? ते इतके दिवस वाचत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. तो म्हातारा चिमटीत धुकं धरून म्हणे, "दुसरा दर्जा," आणि मागं हमाल हसत. घर सोडून गेलेला त्याचा मुलगा पुन्हा पुन्हा परत यायचा, कधी न्हावी होऊन, कधी मीठवाला होऊन, एकदा तर नुसती आगगाडीची शिट्टी होऊन, आणि बाप दर वेळी कागद मागायचा. ओळखायचा नाही.

देवरावांनी पुस्तक फाडकन मिटलं. म्हणजे हे असं आहे तर! चौदा वर्षं पोरानं गाठ बांधून ठेवली आणि आता साऱ्या महाराष्ट्रादेखत उट्टं काढलं. वर पुन्हा विचारतो, काय वाटलं ते सांगा.

रविवारी पावणेदहाला फोन वाजला. देवराव समोरच्या खाटेवर बसले होते. वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिसऱ्यांदा वाजला नाही.

मन मात्र स्वस्थ बसू देईना. मंगळवारी ते पुन्हा वाचनालयात गेले.

"भगवानराव, एक विचारतो. अनुवाद करनाऱ्याले मनचं घालता येते काय? एखादा मानूस आपल्या घरचा उचलून घातला, असं?"

"छे! दाणा इकडचा तिकडं करता येत नाही. मूळच्यात जे असेल तेच." भगवानरावांनी पुस्तक उघडून पहिल्या पानामागची बारीक अक्षरं दाखवली. "हे पाहा. मूळ पुस्तक एकसष्ट साली निघालं. संघदीप कधीचा?"

"बहात्तर."

"मग झालं. म्हातारा त्याच्या आधीचा आहे."

"अन् बोली?"

"बोली तेवढी पोराची. मूळचा म्हातारा तिकडच्या कुठल्या खेड्यातलं बोलत असेल, यानं त्याला आपल्या इकडचं दिलं." भगवानराव हसले. "तुम्हाला काय वाटलं, तुमच्यावर लिहिली? बसा, चहा सांगतो."

"नको," देवराव म्हणाले आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर त्यांना आठवलं, की आता नको म्हणायचं काही कारण नव्हतं. पण परत जाऊन 'सांगा चहा' म्हणणं काही जमलं नाही.

घरी येऊन त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. पण या वेळी सुरुवातीपासून वाचलं नाही. गाडीवरचा वरचा कापूस पाहून दर्जा द्यायचा नाही, हे त्यांनी तीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं होतं. वर सगळे चांगलाच ठेवतात. हात कोपरापर्यंत खुपसायचा, मधला मूठभर काढायचा, मग तळाचा. सरकी दाताखाली फोडून बघायची. तसं त्यांनी आता मधूनच एक पान उघडलं, मग एक शेवटाकडचं, आणि फक्त म्हाताऱ्याचाच मजकूर काढून वाचत गेले.

मधल्या एका पानावर असं होतं, की म्हातारा रोज संध्याकाळी कोरड्या धक्क्यावर जातो आणि उद्या भरती किती वाजता आहे ते मोठ्यानं सांगतो. ऐकायला कोणी नसतं. सांगून झाल्यावर तो थोडा वेळ थांबतो, कोणाला काही विचारायचं असेल तर आपण तिथं असावं म्हणून.

देवरावांनी ते पान तीनदा वाचलं. ते स्वतः रोज सकाळी दूध आणायला जाताना वाट वाकडी करून संकलन केंद्रावरून जात, आणि फाटकाचं कुलूप हातानं ओढून बघत. आत एक बोंडही नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, संघदीपला तर नाहीच. आणि एकसष्ट साली, कुठल्या बर्फाच्या मुलखात, ज्यानं पऱ्हाटीचं झाड जन्मात पाहिलं नसेल अशा माणसाला हे ठाऊक होतं. त्यांना बरंही वाटलं आणि आत काहीतरी हललंही. जगात असा दुसरा एक म्हातारा आहे, आणि तो कागदाचा आहे.

आणि पोरानं? हे पान मराठीत उतरवताना त्याच्या डोळ्यांपुढं कोण होतं?

त्या रविवारी ते साडेनऊपासून फोनजवळ बसले. पावणेदहा झाले. दहा. साडेदहा. फोन वाजला नाही. मागच्या वेळी दोनदा वाजवून दमला असेल, रागावला असेल. दुपारचा भात त्यांनी टाकलाच नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण स्वतः पुण्याचा नंबर एकदाही फिरवलेला नाही. आधी तुळसाबाई फिरवायची, नंतर तोच करायचा. नंबर वहीत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटी गेली.

"बाबा?" संघदीपचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? तब्येत?"

"तब्येत बरी हाय. पुस्तक वाचलं."

"हं."

"खरं सांगतो. अर्धं मले समजलं नाई. छत्रीचं तं काहीच समजलं नाई. शेवटी थो म्हतारा धुक्यात चालत जाते, थो मेला का जिता हाय?"

"ते मलाही माहीत नाही, बाबा."

"तुले माहीत नाई अन् तू लिवलं?"

"लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही, मी कसं सांगू?"

देवरावांना विचारायचं होतं ते एकच.

"त्या म्हताऱ्याले माही बोली काहून देल्ली?"

पलीकडं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

"आधी दिली नव्हती," संघदीप म्हणाला. "सगळं शुद्ध केलं होतं. पण तो जिवंतच होईना. दोन महिने अडकलो. मग एक दिवस त्याला तुमच्यासारखं बोलू दिलं, आणि तो चालायलाच लागला. मला दुसऱ्या कोणाचा आवाज इतका पाठ नाही, बाबा." मग हळूच, "तुम्हाला राग आला?"

"आला होता."

"आता?"

"आता त्याच्यात एक चूक हाय थे सांगतो. थो एका हाताच्या चिमटीत धरून दर्जा सांगते. असं होत नाई. दोन्ही हातांत धरून धागा ओढा लागते, तवा लांबी समजते. एका हातानं नुसतं धरल्यावर काय समजन?"

संघदीप हसला. देवरावांनी त्याचं हसणं कधी ऐकलं होतं, आठवेना. "मूळ पुस्तकात तसंच आहे."

"मंग त्या मूळवाल्याले कळव."

"तो वारला, बाबा. तीस वर्षं झाली."

"असं का," देवराव म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्या माणसाला एकदा विचारायचं होतं, की त्या धक्क्यावरचं त्याला कसं कळलं. "घरी कोन होतं त्याच्या?"

"कोणी नव्हतं बहुतेक."

कवितेचा विषय दोघांनीही काढला नाही. फोन ठेवल्यावर घर पहिल्यासारखंच होतं. देवरावांनी उशिरानं चूल पेटवली, वरण बुडाला लागलंच.

पुढच्या रविवारी फोन आला, त्याच्या पुढच्या आला नाही, नंतरच्या आला. जानेवारीत एकदा संघदीप म्हणाला, "बाबा, नवं पुस्तक घेतलं आहे. एका पानावर अडकलोय. वाचून दाखवू? कानाला कसं वाटतं तेवढं सांगा."

"वाच."

तो वाचू लागला. कुठल्या तरी माणसाच्या खिशात एक गाव असतं आणि त्या गावात त्याचीच वरात निघालेली असते, असलं काहीतरी. देवरावांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते उभे होते, मग खाटेच्या कडेला टेकले, रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. दारात जमनी घागर घेऊन आली, त्यांनी हातानंच भर म्हणून खूण केली. मध्येच संघदीप थांबायचा.

"बाबा, आहात ना?"

"हाय. वाच."